काडतुसाचा सोऱ्या

दिवाळीच्या तोंडावर घराघरांतून माळ्यावरचा सोऱ्या खाली उतरतो, चिंचेने घासला जातो आणि मग शेवेची चकती कुठे गेली म्हणून शोधाशोध सुरू होते. चकलीची चकती हमखास जागेवर असते. हरवायची ती शेवेचीच. तेव्हा या सदरात यंदा सोऱ्याच्या निवडीविषयी दोन शब्द असतील अशी कोणी अपेक्षा केली असेल, तर ती अगदी रास्त आहे. पण आज ज्या यंत्राविषयी लिहायचे आहे ते सोऱ्याचे चुलत भावंड असले, तरी त्यातून चकली पडत नाही. काडतूस पडते.

गृहिणींनी दचकू नये. आमच्या या सदराचे एक जुने वाचक कोल्हापुरात राजारामपुरीत राहतात. त्यांचा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे आणि तिकडे त्याला स्कीट नावाच्या नेमबाजीचा छंद लागला आहे. यंत्राने हवेत फेकलेल्या बशा छऱ्याच्या बंदुकीने फोडायच्या, असा हा खेळ. या बशांना मातीच्या बशा म्हणतात, पण त्यांत माती नावालाच. चुनखडीची भुकटी आणि डांबर यांच्या त्या केलेल्या असतात. असो. छंद चांगला, खर्च वाईट. भाच्याने मामांना लिहिलेले पत्र मामांनी आमच्याकडे धाडले आहे :

"मामा, अठ्ठावीस बोअरची काडतुसे इथे फार महाग पडतात. रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायचे यंत्र मिळते. त्यातले स्वस्त आणि बरे कोणते, ते तुमच्या त्या लेखकमहाशयांना विचारा. आणि आबांची सोळा बोअरची बंदूक अजून आहे ना? तिची काडतुसे कुठे मिळत नाहीत म्हणून तुम्ही फोनवर सांगत होता. दिवाळीला येताना सोळा बोअरचेही एक यंत्र बॅगेत घालून आणतो."

खाली मामांच्या हातची एकच ओळ आहे : "आणू दे का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देऊ. दुसऱ्याचे उत्तर 'मुळीच नाही' असे आहे, आणि ते भाच्याने बॅग भरायच्या आत त्याच्यापर्यंत पोचावे अशी आमची इच्छा आहे. दोन्ही प्रश्न एकाच यंत्राचे असले तरी त्यांची उत्तरे इतकी वेगळी का, हे कळण्यासाठी आधी काडतूस म्हणजे काय ते पाहावे लागेल.

कोल्हापूरकरांना नेमबाजी काही नवी नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ पटकावले, तेव्हा तर गावोगाव फटाके उडाले. आता गंमत पाहा. या तिघांच्याही हत्यारांत जाते ते पॉइंट टू-टूचे काडतूस. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या कडेतच भरलेली असते. घोड्याचा खिळा त्या कडेवर आपटतो, कड चेपते आणि काडतूस उडते. एकदा चेपलेली कड पुन्हा नीट करून तीत ठिणगीची दारू भरण्याची सोय नाही. म्हणून या काडतुसांच्या पुंगळ्या झाडून गोळा करायच्या आणि मोडीत घालायच्या. घरी भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

छऱ्याच्या बंदुकीचे काडतूस निराळे. त्याच्या पितळी बुडाच्या मधोमध एक सुटी टोपी बसवलेली असते. बार झाल्यावर ती जुनी टोपी ठोकून बाहेर काढता येते आणि नवी बसवता येते. टोपीच्या वर दारू, दारूच्या वर बोळा, बोळ्यावर छर्रे आणि सगळ्यात वर मिटवलेले तोंड, एवढाच त्याचा संसार. बोळा पूर्वी नमद्याच्या आणि पुठ्ठ्याच्या चकत्यांचा असे. आता प्लास्टिकची छोटी वाटी असते आणि तिच्यात छर्रे बसतात. नळी पूर्वी पुठ्ठ्याची, आता प्लास्टिकची. तोंड पूर्वी कड आत वळवून बंद करीत. आता करंजीची मुरड घालावी तशा सहा किंवा आठ पाकळ्या मध्यावर मिटवतात. चांगल्या प्रतीची प्लास्टिकची पुंगळी काही वेळा तरी पुन्हा भरून वापरता येते. पाकळ्यांच्या मुळाशी चीर दिसू लागली की ती टाकायची.

बोअर या शब्दाचा हिशेबही मजेदार आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या वळल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बेताची बसेल ती बारा बोअर. पौंडाच्या सोळा वळल्या तर सोळा बोअर. शेराला बारा लाडू आणि शेराला सोळा लाडू, यांतला मोठा कोणता हे ज्याला कळते त्याला बोअरही कळला. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. बारा बोअरची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर, सोळाची जवळजवळ सतरा, अठ्ठाविसाची चौदा. फोर-टेन म्हणून सर्वांत बारीक बंदूक असते, तिचा आकडा मात्र थेट इंचात, म्हणजे एका इंचाचे ४१० सहस्रांश. अमेरिकेतल्या स्कीटच्या खेळात बारा, वीस, अठ्ठावीस आणि फोर-टेन अशा चार बंदुकांच्या चार वेगळ्या स्पर्धा असतात. भाच्याचे दुखणे इथेच आहे.

कारण बाजाराचा न्याय उलटा. बारा बोअरची काडतुसे डोंगराएवढी खपतात, म्हणून कारखानदार ती स्वस्तात देतो. अठ्ठावीस आणि फोर-टेनची काडतुसे थोडी खपतात, म्हणून त्यांत माल कमी असूनही किंमत जास्त. किती कमी, ते पाहू. छऱ्यांची पिशवी तिकडे २५ पौंडांची मिळते, म्हणजे ४०० औंस. बारा बोअरच्या काडतुसात सव्वा औंसाच्या जरा आत, म्हणजे १⅛ औंस छर्रे घातले, तर एका पिशवीत ३५५ काडतुसे होतात. अठ्ठाविसाला पाऊण औंस लागतो. त्याच पिशवीत ५३३ होतात. फोर-टेनला अर्धाच औंस, म्हणजे ८००. दारूही तशीच कमी लागते. टोपी मात्र सगळ्यांना एकच आणि एकाच मापाची, २०९ नंबरची. तेव्हा घरी भरलेले काडतूस जितके बारीक तितके स्वस्त, आणि दुकानातले जितके बारीक तितके महाग. ही दोन टोके जिथे सर्वांत दूर जातात तिथे यंत्र घेण्यात अर्थ आहे. केवळ बारा बोअर उडवणाऱ्याने यंत्र घेऊन पैसे वाचवण्याची स्वप्ने पाहू नयेत. त्याचे वाचले तर थोडे वाचतील आणि रविवार मात्र जाईल.

हिशेब भाच्याने स्वतः मांडावा. छर्रे, दारू, टोपी आणि बोळा यांची २५ काडतुसांच्या एका खोक्यामागे पडणारी किंमत काढावी आणि ती दुकानातल्या खोक्याच्या किमतीतून वजा करावी. उरेल त्या आकड्याने यंत्राच्या किमतीला भागले की किती खोक्यांनंतर यंत्र फुकट झाले ते कळेल. पुंगळी स्वतःच्याच बंदुकीतून पडलेली, तिचे पैसे धरू नयेत. मात्र २०२० नंतरची दोन वर्षे तिकडे टोप्यांचा असा काही दुष्काळ पडला होता की यंत्रे होती, दारू होती आणि टोपी नाही म्हणून लोक हात चोळत बसले होते. तेव्हा टोप्या मिळण्याची खात्री करूनच यंत्राकडे वळावे, हे ओघाने आले.

आता यंत्र. स्वस्त यंत्रांतली दोन नावे तिकडे घरोघर माहीत आहेत आणि दोन्ही विस्कॉन्सिन राज्यातली, म्हणजे भाच्याच्या शेजारची. एक हार्टफर्ड गावची ली कंपनी आणि दुसरी मेव्हिल गावची मेक. गावे कोल्हापूर आणि इचलकरंजी यांच्याएवढीच लांब म्हणा ना. लीचे लोड-ऑल हे यंत्र सर्वांत स्वस्त. वजनाला हलके, बरेचसे प्लास्टिकचे, शिकायला सोपे. नवशिक्याने डोळे मिटून घ्यावे असे ते आहे. पण डोळे उघडून पाहिले तर ते फक्त बारा, सोळा आणि वीस बोअरपुरतेच निघते. अठ्ठाविसाचे नाही, फोर-टेनचे नाही. म्हणजे ज्या काडतुसात पैसा वाचायचा तेच ते भरीत नाही! भाच्याच्या कामाचे ते नाही.

मग राहिले मेकचे ६०० ज्युनियर. हे लीहून बरेच महाग, पण सगळे लोखंडी, आणि अठ्ठावीस व फोर-टेनसाठी मिळते. यात पुंगळी एकेका ठाण्यावर हाताने ठेवायची आणि दर वेळी दांडा ओढायचा. पहिल्या ठाण्यावर जुनी टोपी निघते आणि फुगलेले पितळ पुन्हा मापात येते. दुसऱ्यावर नवी टोपी बसते. तिसऱ्यावर दारू, बोळा आणि छर्रे पडतात. चौथ्यावर पाकळ्यांना मोड येते आणि पाचव्यावर तोंड पक्के मिटते. सोऱ्याचे चुलत भावंड म्हटले ते यासाठी की सगळी मदार दांडा एकसारखा दाबण्यावर आहे. अर्ध्यावर सोडला तर चकली तुटते आणि इथे तोंड उघडे राहते.

याच्या वरच्या पायरीवर मेकचेच सायझमास्टर आहे. त्यात पितळ मापात आणण्याची रचना अधिक चांगली आहे. दुसऱ्यांनी टाकलेल्या पुंगळ्या वेचून भरायच्या असतील तर ते घ्यावे, कारण दुसऱ्याच्या बंदुकीत फुगलेले पितळ आपल्या बंदुकीत अडकून बसते. स्वतःच्याच पुंगळ्या भरणाऱ्याला त्याची निकड नाही. त्याही वर एका ओढीला एक काडतूस तयार करून देणारी मोठी यंत्रे आहेत. त्यांत सगळ्या ठाण्यांवर एकाच वेळी एकेक पुंगळी उभी असते आणि दांडा खाली आला की सगळी कामे एकदम होतात. पाहायला मोठी बहार येते. पण एका ठाण्यावर काही बिनसले की कोणत्या पुंगळीत काय पडले आणि काय राहिले याचा पत्ता लागत नाही. नवशिक्याने, त्यातून पैसे वाचवण्यासाठी निघालेल्या नवशिक्याने, तिकडे बघू नये.

आमचे मत विचाराल तर भाच्याने जुने, वापरलेले ६०० ज्युनियर शोधावे. ही यंत्रे सहसा झिजून मरत नाहीत. मालकाचा उत्साह आधी मरतो आणि यंत्र कोपऱ्यात पडते. घेताना मात्र मुळात अठ्ठाविसाचेच घ्यावे. बारा बोअरचे घेऊन साचे बदलू, असे म्हणणाऱ्याचा अर्धा पैसा साच्यांतच जातो. दांड्याच्या खिळ्यांत खेळ किती आला आहे ते हाताने हलवून पाहावे. साच्याच्या आतून गंज नाही ना, पाकळ्यांना मोड देणारे टोपण आपल्या पुंगळीच्या घड्यांशी जुळते ना, सहाचे की आठचे, हे पुंगळी सोबत नेऊनच बघावे. दारू आणि छर्रे मोजून टाकणारी एक सरकती पट्टी असते. तिच्यात दारूसाठी वेगवेगळ्या मापांच्या बारीक कड्या बसवतात आणि कोणती कडी किती दारू टाकते याचा तक्ता यंत्रासोबत मिळतो. तक्त्यातला आकडा आणि प्रत्यक्ष पडणारे वजन यांत फरक असतो. तो किती, हे तोलकाट्याशिवाय कळत नाही.

म्हणून यंत्रावर वाचवलेल्या पैशातून पहिली खरेदी तोलकाट्याची करावी. ग्रेनच्या दशांशापर्यंत वजन दाखवणारा काटा हवा. एक पौंडात ग्रेन होतात ७,०००, यावरून काम किती बारीक आहे ते ध्यानात येईल. दहा वेळा दारू पाडून दहाही वजने लिहून ठेवावीत. आणि दारू किती घालायची हे मित्राच्या सांगण्यावरून ठरवू नये. दारू बनवणारे कारखाने तक्ते छापतात. त्यांत पुंगळी कोणती, टोपी कोणती, बोळा कोणता, दारू कोणती व किती आणि छर्रे किती, ही पाच नावे एका ओळीत असतात. ती पाचही जशीच्या तशी घ्यायची. त्यांतले एक बदलले तरी ओळ बदलली. आमच्या स्वयंपाकघरात 'मीठ चवीनुसार' हा शब्द फार सोयीचा असतो. इथे त्याला जागा नाही.

दोन चुका अशा आहेत की त्या ज्याच्या हातून घडल्या त्याच्या बंदुकीची नळी फाटते. पहिली, एका पुंगळीत दारू दोनदा पडणे; ही समजायला सोपी. दुसरी उलटी, दारू न पडणे किंवा अपुरी पडणे. मग बार नुसता 'फुस्स' होतो, बोळा नळीच्या मध्येच अडकतो, खेळाडू चरफडत दुसरे काडतूस घालतो आणि घोडा ओढतो. म्हणून आवाज हलका आला की थांबायचे, बंदूक मोकळी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचे. आणखी एक गोष्ट. टेबलावर एका वेळी एकाच बोअरचा पसारा असावा. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले तर ते थोडे पुढे घसरून अडकते आणि दिसेनासे होते. मागून बाराचे काडतूस घालायला जागा मोकळीच असते. या अपघातापायी तर अमेरिकेत वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग ठरवून दिला आहे.

आणि ते टेबल जेवणाचे नसावे. छऱ्यांचे शिसे बोटांना लागते आणि बोटांवरून पोटात जाते. मुलाबाळांच्या घरात या कामाची खोली वेगळी, कुलूप वेगळे, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणे हे यंत्राच्या किमतीतच धरावे.

एवढे मिनेसोटासाठी. आता कोल्हापूरसाठी.

आपल्याकडे शस्त्रांचा कायदा १९५९ सालचा आहे. त्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या दिली आहे ती सामान्य माणसाच्या कल्पनेहून फार रुंद आहे. काडतुसे तर तीत आहेतच. पण दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री आणि तिचे भाग हेही त्या व्याख्येत दारूगोळाच आहेत. म्हणजे मिनेसोटात जे यंत्र हार्डवेअरच्या दुकानातल्या पान्यासारखे विकत घेता येते, ते मुंबईच्या विमानतळावर उतरताच कायद्याच्या दृष्टीने काडतुसांच्या पेटीच्या पंगतीला बसते. ते परवान्याशिवाय देशात आणता येत नाही. "रिकामे यंत्र आहे हो, यात दारूचा कणही नाही," हे उत्तर तिथे चालायचे नाही. भाच्याने हौसेने बॅगेत घातलेली वस्तू मामांच्या घरी दिवाळीऐवजी वकिलाच्या फेऱ्या आणील.

"मग आणायचे कशाला? उद्यमनगरात नमुन्याचे चित्र दाखवले तर आठ दिवसांत हुबेहूब करून देतील," असे म्हणणारे कोल्हापुरात शंभर भेटतील, आणि ते खोटे बोलत नसतील. ओतकामात आणि लेथकामात आमच्या गावाचा हात कोणी धरू नये. पण कायद्याला यंत्र मेव्हिलचे की शिवाजी उद्यमनगरातले याच्याशी कर्तव्य नाही. दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि त्यासाठीचे यंत्र बनवायलाही लागतो. परवान्याशिवाय बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मामांच्या हातात बंदुकीचा परवाना आहे हे खरे; पण तो बंदूक बाळगण्याचा आणि ठरलेल्या संख्येइतकी काडतुसे विकत घेण्याचा आहे. काडतुसे घरी बनवण्याचा नव्हे. याबाबत ज्याला शंका असेल त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे. लेथवाल्याचे आश्वासन हे उत्तर नव्हे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी अमेरिकेहून आलेल्या सोळा बोअरच्या यंत्राने आबांच्या बंदुकीचे भले होणार नव्हते. मामांनी कळवले आहे की बंदूक विलायती आहे आणि संस्थानच्या काळातली आहे, म्हणजे १९४९ च्या विलीनीकरणाच्या आधीची. त्या काळातल्या पुष्कळ विलायती सोळा बोअर बंदुकांचे घर अडीच इंची काडतुसासाठी कोरलेले असते. आजचे अमेरिकन सोळा बोअरचे काडतूस पावणेतीन इंचांचे. गंमत अशी की ते न उडवलेले काडतूस त्या घरात मुकाट बसते, कारण तोंड मिटलेले असल्यामुळे ते आखूड असते. बार झाला की पाकळ्या उलगडतात, नळीच्या अरुंद भागात शिरतात, छऱ्यांची वाट अडवतात आणि दाब भलताच वाढतो. बंदूक एकदा सोसते, दोनदा सोसते. घर किती लांबीचे आहे हे बंदुकीच्या जाणत्या कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय तीत सोळा बोअरचे म्हणून मिळालेले कोणतेही काडतूस घालू नये, मग ते दुकानातले का असेना.

दुसरा धोका मामांच्या पेटीतच आहे. आबांच्या बंदुकीसोबत एक लाकडी पेटी आहे आणि तीत पितळी हत्यारे आहेत, असे ते लिहितात. एक टेबलाच्या कडेला आवळायचे, हातभर दांड्याचे. एक दांड्यासारखे पण लाकडाचे. आणि एक सरकते पितळी मापटे. शेफील्डच्या डिक्सन आणि हॉक्सली या कारखान्यांची असली हत्यारे एके काळी शिकारीच्या सामानात असत. टेबलाला आवळायचे ते पुठ्ठ्याच्या काडतुसाची कड आत वळवण्याचे, लाकडी दांडा बोळा ठासण्याचा आणि मापटे दारूचे. भाचा ज्या यंत्रासाठी डॉलर मोजणार आहे त्याचे हे पणजोबा. दाजीपूरच्या रानात शिकारी होत होत्या त्या दिवसांतले. ते रान १९५८ साली अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषयच मिटला. आता ते दिवस न्यू पॅलेसच्या संग्रहालयात काचेमागे पाहावेत.

मापट्यावर ड्रॅमचे आकडे कोरलेले असतात. ते काळ्या दारूसाठी आहेत. काळी दारू आकारमानाने मोजून घालीत, कारण तिचा जोर बेताचा. आजची बिनधुराची दारू तेवढीच जागा भरून घातली तर तिचा जोर कितीतरी पट होतो. कोणी हौशी माणूस आबांचे मापटे काठोकाठ भरून नवी दारू पुंगळीत ओतील, तर नळीबरोबर हातही जाईल. घोटाळ्यात भर म्हणून आजच्या काडतुसांच्या खोक्यांवरही 'ड्रॅमच्या तोडीचे' असा आकडा छापण्याची चाल अजून आहे. तो जोराचा मान सांगतो, दारूचे माप नव्हे.

तेव्हा सोळा बोअरचे काय करायचे? दोन वाटा आहेत. बंदूक ठेवायची असेल तर परवान्यावर, अधिकृत विक्रेत्यामार्फत, योग्य लांबीची काडतुसे मागवावीत. बारा बोअरची काडतुसे आपल्याकडे खडकीच्या कारखान्यात बनत आली आहेत, त्यामुळे ती तुलनेने सुलभ. सोळाच्या मालकाला वाट पाहावी लागते. वाट पाहणे जमत नसेल तर ती बंदूक विक्रेत्याकडे रीतसर जमा करावी किंवा विकावी. २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वाडवडिलांकडून आलेलीही त्या दोनांतच मोजली जाते. हेही ज्यांच्या घरी जुनी हत्यारे आहेत त्यांनी पडताळून पाहावे. परवानाधारक वारला आणि वारसाच्या नावे परवाना झाला नाही, तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचे असते. ते कपाटात ठेवून "बघू पुढे" म्हणत वर्षे काढणारी घरे आमच्या माहितीत आहेत.

पेटीतल्या पितळी हत्यारांचाही याच वेळी निकाल लावावा. शोभेची म्हणून दिवाणखान्यात मांडण्याआधी, ती वर सांगितलेल्या व्याख्येत येतात की नाही हे बंदुकीच्या अर्जासोबतच लेखी विचारून घ्यावे. तोवर ती बंदुकीच्याच कुलपात राहू द्यावीत. पेटीच्या तळाशी जुन्या टोप्यांची डबी किंवा दारूची कुपी निघाली तर ती हलवू नये, उघडू नये. उन्हात तर मुळीच ठेवू नये. पोलीस ठाण्यावर कळवावे, ते सांगतील तसे करावे. आणि काही जमा केलेच, तर पावतीवर एकेक वस्तू वेगळी लिहवून घ्यावी : बंदूक एक, कड वळवण्याचे हत्यार एक, ठासण्याचा दांडा एक, मापटे एक.